शेजारी ऐकतोय

“घरातल्याच कुणीतरी सांगितलंय,” दादा म्हणाला, आणि कुणी कुणाला खूण न करताही सगळ्यांच्या नजरा जावयाकडे वळल्या.

जावई खिडकीपाशी उभा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या घरात आला की तो खिडकीपाशीच उभा राही. “एक पाय बाहेर ठेवून आल्यासारखा,” असं थोरली, त्याची बायको, त्याला चिडवायची. तो दूरसंचार खात्यात अभियंता होता आणि खात्यात नेमकं काय करतो हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. त्याच्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या मनात त्याच्याबद्दल सल होता तो एवढाच. तीन पिढ्या चष्म्याचं दुकान चालवणारं हे घर. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत रोखून बघायचं हा इथला धंदा. आणि हा जावई असा, की कामाबद्दल विचारलं की हसायचा आणि बाहेर बघायचा.

“मला काय विचारता?” तो म्हणाला.

“अजून कुणी काही विचारलेलं नाही,” अण्णा म्हणाले. “पण बरं झालं, तुम्हीच बोललात.”

रविवारची दुपार होती. खाली दुकान बंद, वर माडीवर ही सगळी मंडळी. टेबलावर चहाचे कप गार होत होते आणि टेबलाच्या टोकाला धाकटी बसली होती. कालपासून तिने अंगावरचा रुग्णालयाचा गणवेशही बदलला नव्हता. ती लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका होती. नव्या पाण्याच्या टाकीजवळच्या वस्तीतली पोरं आठवडाभर एकामागून एक तिच्या वॉर्डात येत होती आणि वरून तोंडी हुकूम आला होता, की कागदावर फक्त ‘ताप’ लिहायचं. शुक्रवारी संध्याकाळी तिने घरच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या: ‘आज पुन्हा पोरं आलीत. पाण्याचंच आहे. आम्हाला ताप लिहा म्हणतात. नळाचं पाणी ऊकळूनही पिऊ नका, आईला सांगा.’

त्या ग्रुपवर घरातली सहा माणसं: आई, अण्णा, दादा, दोघी बहिणी आणि जावई; पोरांना घेऊन माहेरी गेलेली दादाची बायको त्यात नव्हती. सातवं कुणी नाही.

शनिवारी सकाळी तिला चौकशी कार्यालयात बोलावणं आलं. समोरच्या माणसाने त्या चार ओळी तिला वाचून दाखवल्या. ‘उकळून’मधला उ तिने घाईत दीर्घ लिहिला होता, तोही त्याने हसत हसत दाखवला. मग तो म्हणाला, “जबरदस्तीने फोन उघडायचा तर आम्हाला कोर्टात जावं लागतं. तुम्ही आपणहून उद्या संध्याकाळी उघडून आणून दिलात तर नोकरीला धक्का लागणार नाही.”

“मग द्यावा ना उघडून,” दादा आता म्हणाला. दुकान अण्णांच्या हातून त्याच्याकडे आलं होतं आणि शाळांतल्या मुलांना चष्मे पुरवण्याचं सरकारी काम त्याला नुकतंच मिळालं होतं. “चार ओळींत काय मोठं आहे? माफी माग, मोकळी हो.”

“चार ओळी त्यांच्याकडे आहेतच, दादा,” धाकटी म्हणाली. “त्यांना बाकीचं हवंय.”

“बाकीचं म्हणजे?”

“त्या पोरांच्या आयांनी मला पाठवलेलं. पाण्याचे फोटो, पोरांचे फोटो. कुणाला कधी उलट्या सुरू झाल्या ते. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकून पाठवलंय. मी फोन उघडला की उद्या त्या सगळ्या त्याच खुर्चीवर बसतील.”

“त्यांनी काही गुन्हा केला नसेल तर बसेनात का!” अण्णा म्हणाले. “आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? मी आयुष्यात कुणाला फसवलं नाही. परवा पालिकेच्या कार्यालयातून वृद्धांच्या पेन्शनसाठी दाखला हवा म्हणाले, दिला. अंगठा हवा म्हणाले, दिला. फोनवर ते नवं ॲप टाकायला सांगितलं, तेही टाकलं. ‘शेजारी’. किती सोपं झालंय सगळं! हे बघा, विजेचं बिल, पाण्याचं बिल, घरबसल्या...”

त्यांनी फोन उचलून सगळ्यांना दाखवला आणि परत टेबलाच्या मधोमध, कपांच्या गराड्यात ठेवून दिला.

जावयाची नजर त्यावर गेली.

पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता. मोहरीएवढा. बघणाऱ्याला वाटावं, बॅटरीचं काहीतरी असेल. पण तो ठिपका जावयाच्या ओळखीचा होता. ‘शेजारी’मधला कान नीट चालतो की नाही हे तपासणाऱ्या चौघांपैकी तो एक होता. एरवी तो कान मिटलेला असायचा, ‘शेजारी’ फक्त लिहिलेलं वाचायचा. पण एखाद्या घरातल्या माणसावर चौकशी लागली, की त्या घरातल्या फोनचा कान उघडायचा. ठिपका लागला होता म्हणजे काल सकाळपासून या टेबलावर जे जे बोललं गेलं ते ते तिकडे पोहोचत होतं.

आणि हे बाहेर सांगायचं म्हणजे तुरुंग. नोकरीवर रुजू होताना त्यांनी शपथ घातली होती. ती मोडणाऱ्या एकाचं काय झालं हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

“आपण जरा बाहेर जाऊन येऊ या का?” तो म्हणाला. “सगळेच. पाय मोकळे करून.”

“आत्ता?” दादाने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. “पोरीच्या गळ्याशी आलंय आणि तुम्हाला फिरायला जायचंय, भावजी?”

“इथं गुदमरतंय.”

“गुदमरणारच,” अण्णा सावकाश म्हणाले. “खाई त्याला खवखवे.”

“अण्णा!” थोरली ताडकन उठली. ती शाळेत गणित शिकवायची आणि चिडली की तिचा आवाज वर्गातल्यासारखा होई. “नाव घेऊन बोला. माझ्या नवऱ्याने चुगली केली असं म्हणायचंय तुम्हाला?”

“मी कुणाचं नाव घेतलं नाही. पण सहा माणसांत सरकारचा माणूस एक. तूच गणित घाल.”

थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नुसतं नाही म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा होती. त्याने तोंड उघडलं, टेबलाकडे पाहिलं आणि मिटलं. बायकोच्या चेहऱ्यावर काहीतरी मावळताना त्याला दिसलं.

“हे बघा, भांडू नका,” आई म्हणाली. चहा गरम करायला म्हणून ती दोनदा उठली होती आणि दोन्ही वेळा कप न घेताच परत बसली होती. “धाकटे, तू मला सांग. त्या बायका आहेत तरी कोण? आपल्या ओळखीतलं आहे का कुणी?”

“आहेत ना. तो टाकीच्या मागचा शिंपी नाही का, दादाच्या लग्नात ज्याने... त्याची सून. आणि तिच्या शेजारची ती...”

स्वयंपाकघरातून एकदम घरघराट सुटला.

सगळे दचकले. जावई ओट्यापाशी उभा होता. त्याने रिकामा मिक्सर चालू केला होता आणि झाकणावर हात दाबून धरला होता. भांड्यात काही नसल्यामुळे पाती भणभणत होती; घर डोक्यावर घेतल्यासारखा तो आवाज.

“डोकं फिरलंय का यांचं?” दादा ओरडला.

थोरली तरातरा आत आली. “बंद कर ते! लाज आणलीस तू मला आज!”

त्याने मिक्सर बंद केला नाही. तिला जवळ ओढलं, तिच्या कानाला तोंड लावलं आणि नोकरीला लागल्यापासून जे कधी बोलला नव्हता ते दोन वाक्यांत बोलला.

तिने मान मागे घेऊन त्याच्याकडे पाहिलं. मग उंबऱ्यातून टेबलावरच्या फोनकडे.  ती बाहेर गेली, पहिल्यांदा अण्णांचा फोन उचलला, मग दादाचा, मग आईचा, स्वतःचा, नवऱ्याचा. धाकटीने आपला दोन्ही हातांनी धरला होता. “फक्त थोडा वेळ,” असं थोरलीने नुसत्या ओठांनी म्हटल्यावर तिने तोही दिला. सगळे फोन पिठाच्या मोठ्या डब्यात गेले, वर घट्ट झाकण बसलं. तोंडावर बोट ठेवून थोरली जिना उतरू लागली. इतकी वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईच्या मागे माणसं जातात तशी सगळी मुकाट तिच्या मागे गेली.

दुकानाच्या मागे काचा घासायची खोली होती. अण्णांच्या वडिलांचं जुनं चाक अजून तिथे होतं, भिंतीला फ्रेमा टांगलेल्या, जमिनीवर काचेच्या पांढऱ्या भुकटीचा थर. थोरलीने दार लावून घेतलं.

“आता सांग,” ती नवऱ्याला म्हणाली. “सगळं.”

जावयाने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चाचरत होता. बोलायची सवयच नव्हती त्याला. ‘शेजारी’ काय वाचतो, कधी ऐकतो, हिरवा ठिपका म्हणजे काय. आपण तिथे काय करतो तेही सांगितलं, आडपडदा न ठेवता.

“म्हणजे...” अण्णा म्हणाले. ते चाकाच्या स्टुलावर बसले होते. “म्हणजे माझ्या फोनातून गेलं?”

जावयाने मान हलवली.

“मला विचारलं होतं त्याने,” अण्णा म्हणाले. “टाकताना. हे बघू का, ते बघू का. मी नीट वाचलंही नाही. लोकांना बारीक अक्षर वाचता यावं म्हणून जन्मभर काचा घासल्या मी. ‘हो’ दाबत गेलो.”

“अण्णा, राहू द्या,” धाकटी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली.

“कसं राहू देऊ?”

जावयाला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. म्हातारा माणूस भुकटीत बोट फिरवत बसला होता, आणि तो कान नीट चालतो असा शेरा मारणारा हात आपला होता, एवढंच त्याला दिसत होतं.

दादा मात्र येरझारा घालत होता. “एक मिनिट. एक मिनिट. म्हणजे कालपासूनचं सगळं त्यांनी ऐकलंय. ही फोन देणार नाही म्हणाली ते. त्या बायकांचे फोटो आहेत ते. आणि आता आवाज एकदम बंद झालाय. ते संध्याकाळपर्यंत कशाला थांबतील? आत्ता येतील.” तो जावयासमोर थांबला. “भावजी, रागावू नका. पण तुम्हीच पुढे होऊन त्यांना सांगा ना. खात्यातले आहात. घाबरून बोललो म्हणा, चूक झाली म्हणा. तुमचं तुम्ही निस्तराल, घर तरी वाचेल.”

“आणि तुझं चष्म्याचं काम वाचेल!” थोरली म्हणाली. “आत्ता याने गळ्याला फास लावून घेतला तो तुझ्या बहिणीसाठी, आणि तू दोर ओढायला निघालास?”

“मला दोन पोरं आहेत, ताई!”

“वॉर्डात आहेत तीही कुणाची तरी पोरंच आहेत.”

दादाने मान फिरवली. त्याचा चेहरा लाल झाला होता. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. आणि घाबरला की तो लहानपणापासून दुसऱ्याकडे बोट दाखवी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

“फोन पुसून टाकता येईल?” धाकटीने विचारलं. प्रश्न जावयाला होता.

“येईल. पूर्ण. नव्यासारखा होईल. मग कुणालाही त्यातून काही काढता येणार नाही.”

“पण ते फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत. त्या बायकांनी भीतीने आपल्याकडचे कधीच पुसले. पाणी वाईट आहे याचा तेवढाच पुरावा आहे.” तिने ओठ चावला. “पुसला तर त्या वाचतील, पण उद्या पाण्याबद्दल बोलायला माझ्याकडे काही उरणार नाही. ठेवला तर पुरावा राहील, पण तो त्यांच्याच हातात पडेल. काय करू?”

 हे ठरवायचा अधिकार आपला नाही, असं जावयाला वाटलं.

बोलली ती आई. “त्या पोरींनी ते तुला पाठवलं, त्यांना नाही. ज्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय द्यायची नसते. आणि परत करायला वेळ नसेल तर...” ती थांबली. “पाणी पिऊ नका हे सांगायला फोन कशाला लागतो? मला तोंड आहे. थोरलीला आहे.”

धाकटी वर गेली. तिच्यामागे जावई. तिने पिठाने माखलेला फोन काढला, त्याने कुठे दाबायचं ते नुसतं बोटाने दाखवलं. पडदा काळा व्हायच्या आधी ती एक फोटो बघत राहिली. एका बाईने पेल्यात पाणी धरलं होतं, मागे खाटेवर पोराचे पाय दिसत होते. मग तिने दाबलं.

घंटी वाजली तेव्हा पडद्यावर पांढरी रेघ अजून सरकत होती.

दोघं आले होते, एक बाई आणि एक पुरुष, दोघंही साध्या कपड्यांत. बाईंचा आवाज अगदी मऊ होता. खालची मंडळी मागोमाग माडीवर आली. बाईंनी कुणालाही न विचारता खुर्ची घेतली.

“संध्याकाळची वेळ ठरली होती, पण म्हटलं, तुम्हाला त्रास कशाला. आपणच जाऊ.” त्यांनी धाकटीकडे हात पुढे केला. तिने फोन दिला. बाईंनी पाहिला, बोटाला लागलेलं पीठ पाहिलं. “हा तर कोरा आहे.”

“हो,” धाकटी म्हणाली.

“कालपर्यंत नव्हता.”

“माझा आहे. मी पुसला. कोर्टाने मागितला नव्हता, तुम्हीच तसं म्हणाला होतात.”

बाई हसल्या. “ते आपण कार्यालयात बोलू. मला दुसरंच विचारायचंय.” त्यांची नजर एकेकाच्या चेहऱ्यावरून फिरली. “मघाशी या घरातला फोन एकदम मुका झाला. असं आपोआप होत नाही. तो बाजूला ठेवा, असं कुणी सुचवलं?”

  बाईंनी जावयाला ओळखलं नव्हतं. खातं मोठं होतं. पण नाव विचारायचा अवकाश. त्याने दादाकडे पाहिलं. दादा त्याच्याचकडे बघत होता. दादाचे ओठ हलले.

“मी,” अण्णा म्हणाले.

बाईंनी मान वळवली. “तुम्ही?”

“मी सांगितलं. माझ्या फोनात बारीक हिरवा ठिपका दिसला. माझं अख्खं आयुष्य बारीक गोष्टी बघण्यात गेलंय. मला संशय आला. म्हटलं, टाका पिठात.”

“तुम्हाला कसं कळलं, तो ठिपका कशाचा आहे ते?”

“मला नाही कळलं,” अण्णा म्हणाले. “तुम्ही आलात तेव्हा कळलं.”

बाईंचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. पुरुषाने प्रथमच तोंड उघडलं. “याला साक्षीदार कोण?”

“मी,” दादा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. त्याने घसा साफ केला. “अण्णांनीच सांगितलं. मी त्यांच्याशी भांडलोसुद्धा. म्हटलं, उगाच शंका घेता.”

“मग तुम्हीही चला, आजोबा,” बाई उठत म्हणाल्या. “मुलीसोबत. आणि तुमचा तो फोनही घ्या.”

“जोडे घालू द्या.”

अण्णा वाकले. पाठीचं दुखणं जुनं होतं, त्यांना लेस बांधता येईना. जावई पुढे झाला, गुडघ्यावर बसला आणि त्याने दोन्ही जोड्यांची लेस बांधली. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात टेकला होता. जावयाने मान वर केली नाही.

अण्णा आणि धाकटी गेल्याबरोबर आईने आणि थोरलीने पायांत चपला अडकवल्या. बाकीचे फोन डब्यातच राहिले. दोघी चालत टाकीजवळच्या वस्तीत गेल्या आणि अंधार पडेपर्यंत दारोदार फिरल्या. शिंप्याच्या सुनेने ऐकून घेतलं आणि ती शेजारणीकडे गेली. शेजारीण तिच्या जावेकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वस्तीतला एकही नळ कुणी उघडला नाही. पाणी खात्याच्या दारात बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या राहिल्या. पुरावा कुठे आहे, असं साहेबाने विचारलं तेव्हा एकीने पोर कडेवरून उतरवून त्याच्या टेबलावर बसवलं. दुपारी टाकीला कुलूप लागलं. का लागलं, हे कुणीच लिहून दिलं नाही.

अण्णांना त्याच दुपारी सोडलं. धाकटीला मात्र आणखी एक रात्र ठेवलं आणि नोकरीवरून निलंबित करून मग सोडलं. ती बाहेर येईपर्यंत अण्णा घरी गेले नाहीत. ते कार्यालयासमोरच्या बाकावर बसून राहिले, आणि त्यांच्याशेजारी जावई.  अण्णांचा फोन कार्यालयाने ठेवून घेतला होता; खिशात हात घालून तो नाही हे ते पुन्हा पुन्हा बघत होते.

“तुमच्या खात्यात,” शेवटी अण्णा म्हणाले, “आमच्या घरासारखी घरं किती आहेत?”

जावयाने नेहमीसारखं बाहेर बघायला मान वळवली. पण इथे बाहेरच होतं सगळं: रस्ता, दुकानं, कानाला फोन लावून जाणारी माणसं.

“ज्यांनी ज्यांनी हो दाबलं,” तो म्हणाला, “ती सगळी.”

 कार्यालयाचं दार उघडलं आणि धाकटी बाहेर आली, मळलेल्या गणवेशात, रिकाम्या हातांनी. अण्णा बाकाचा आधार घेऊन उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग जावयाकडे वळले.

“आमच्या समोरच्या घरी एक मास्तर राहतात. त्यांनी ते ‘शेजारी’ माझ्याच सांगण्यावरून घेतलं,” ते म्हणाले. “मला तो ठिपका काही नीट समजावून सांगता येणार नाही. तुम्हाला येईल. याल माझ्याबरोबर?”

हे एकदा तोंडातून बाहेर गेलं, की ते कुणी सांगितलं हा प्रश्न पुन्हा येणार होता. आणि दर वेळी पुढे व्हायला अण्णा असणार नव्हते. जावयाने खिशातून आपला फोन काढला, बंद केला.

“चला,” तो म्हणाला.